डोंबारी : उघड्या माळावर घरटं करणारा चंडोल

पाटोदा, आष्टी, शिरूर कासारकडच्या माळावरून चालताना चिमणीपेक्षा थोडा लहान पक्षी पायाजवळून भुर्रकन उडतो आणि जरा पुढे जाऊन पुन्हा जमिनीवरच बसतो. आपण त्याला चिमणी समजतो. तो डोंबारी असू शकतो, म्हणजे चंडोलाच्या कुळातला पक्षी. शास्त्रीय नाव इरेमोप्टेरिक्स ग्रिसियस.

नर ओळखायला सोपा. माथा राखाडी, डोळ्यांवरून काळी पट्टी आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळा. मादी मातकट असते. ती ढेकळांत बसली की समोर असूनही दिसत नाही.

कसरती पाहिल्या की नावाचा अर्थ कळतो. नर पंख फडफडवत सुमारे ३० मीटर उंच जातो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि त्याच वेगात पुन्हा वर उसळतो. असं अनेकदा करत, लांब शीळ घालत तो एखाद्या ढेकळावर उतरतो.

घरटं मात्र अगदी साधं. ढेकळाच्या किंवा गवताच्या आडोशाला छोटासा खळगा, बैलाच्या खुराचा ठसासुद्धा चालतो. आत गवताच्या काड्या आणि केस, कधी कडेला बारीक खडे. अंडी दोन किंवा तीन, फिकट आणि तपकिरी ठिपक्यांची. नर-मादी दोघंही उबवतात. साधारण १३-१४ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. खाणं म्हणजे गवताचं बी आणि किडे.

हा पक्षी आज संकटग्रस्त यादीत नाही. अडचण त्याच्या जागेची आहे. नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ सालचं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. पण डोंबाऱ्याचं बरंचसं जग अभयारण्याबाहेर, गायरानात आणि पडीक रानात आहे. ‘पडीक’ म्हटलं की तिथे नांगर तरी फिरतो किंवा खड्डे खणून झाडं लावली जातात. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट होतं. झाडं हवीतच, पण उघड्या माळावर राहणाऱ्या पक्ष्यासाठी दाट लागवड म्हणजे घर जाणं. बेताची चराई उलट त्याला सोयीची, कारण गवत आखूड राहतं.

आणि हो, घरट्याचे फोटो. जवळ गेलात की पालक उठतात आणि अंडी उन्हात उघडी पडतात. तुमच्या मागे कुत्रंही येतं. ठिकाणासह पोस्ट टाकली तर दुसऱ्या दिवशी आणखी चार जण तिथे पोहोचतात. पिल्लू जमिनीला चिकटून निपचित पडलेलं दिसलं तर ते बहुधा आजारी नसतं, लपलेलं असतं. उचलू नका, आल्या वाटेनं मागे फिरा.