सायकलीचे वजन किती महत्त्वाचे?

सायकल निवडताना आपण ती एका हाताने उचलून पाहतो. हलकी लागली, की ती वेगवान असणार असे धरून चालतो. हे कितपत खरे आहे, ते एका विक्रमाच्या इतिहासावरून तपासता येते. हा विक्रम म्हणजे गोल धावपट्टीवर एका तासात एकट्याने कापलेले अंतर.

२५ ऑक्टोबर १९७२ रोजी बेल्जियमच्या एडी मेर्क्सने मेक्सिको सिटी येथे ४९.४३१ किमी अंतर कापले. त्याची सायकल इटलीच्या एर्नेस्तो कोलनागो यांनी बनवली होती. साखळीच्या कड्यांनासुद्धा भोके पाडून त्यांनी तिचे वजन सुमारे पावणेसहा किलोवर आणले होते.

परंतु सपाटीवर एकसमान वेगाने जाताना वजनाचा परिणाम होतो तो मुख्यतः टायर दबत फिरताना होणाऱ्या घर्षणावर. वजन एक किलोने वाढले, तर हा विरोध जेमतेम ०.०५ न्यूटनने वाढतो. उलट ताशी ५० किमी वेगाला हवेचा विरोध २० न्यूटनच्या घरात असतो, म्हणजे चारशे पट! मेर्क्सला खरी मदत झाली ती २,२०० मीटरहून अधिक उंचीवरच्या विरळ हवेची.

१९८४ मध्ये त्याच शहरात इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरने ५१.१५१ किमी गाठले. त्याच्या सायकलीला तबकडीसारखी बंद चाके होती. आऱ्यांच्या चाकांपेक्षा जड, पण हवा कमी घुसळणारी. अर्थात सगळे श्रेय चाकांना देता येत नाही. मोझेरने रक्त चढवून घेतले होते. तेव्हा त्यावर बंदी नव्हती.

मग वजनाला महत्त्व कुठे? चढावर. स्वार आणि सायकल मिळून ७५ किलो असतील, तर एक किलो कमी झाल्याने तासाभराच्या चढात पाऊण मिनिट वाचते. मात्र तो किलो सायकलीचा की स्वाराच्या पोटाचा, याच्याशी गुरुत्वाकर्षणाला कर्तव्य नसते.

२००० साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन ६.८ किलो ठरवले. म्हणजे २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ५६.७९२ किमी गाठणाऱ्या फिलिप्पो गान्नाची सायकल मेर्क्सच्या सायकलीपेक्षा किमान एक किलोने जड होती. तरीही तो सात किलोमीटर पुढे गेला.

वजन काट्यावर दिसते, हवेचा विरोध दिसत नाही. जे सहज मोजता येते तेच महत्त्वाचे मानण्याची चूक आपण सायकलीपुरतीच करतो का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.