सेमाडोह, मे 2004 : जुनी मराठी काढायची का?

परतवाड्याहून धारणीला निघालेली एसटी घटांग सोडते, तेव्हा तुमच्या मांडीवर कापडी पिशवी आहे आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली नव्या मराठी सॉफ्टवेअरची एक सीडी. साल 2004, मे महिना. दुकानदारानं बजावलंय, "खरचटली त मंग मले नोका सांगू, भाऊ." पानं गाळून बसलेला साग, वळणामागून वळण, खिडकीतून धूळ. या वर्षी मेळघाटात सॉफ्टवेअर एसटीनंच येतं. पुढच्या हरिसालला 'डिजिटल गाव' म्हणून मिरवायला अजून 12 वर्षं आहेत.

सेमाडोहला उतरता. सिपना नदी आटून डबक्यांत उरलीय. एका संस्थेच्या खोलीत टॉवेल पांघरलेला संगणक वाट पाहतोय: विंडोज 98, जेमतेम 4 जीबीची हार्ड डिस्क. अर्ज टंकणारे काका म्हणतात, "पटकन आटपा. लाइन कवा जाईन, नेम नाई."

सीडी आत सरकते, ड्राइव्ह घरघरतो. 'नेक्स्ट', 'नेक्स्ट', मग करार. तो कुणीच वाचत नाही, तुम्हीही नाही. आणि निळी पट्टी सरकायच्या आधीच पाटी येते: डिस्कवर जागा नाही.

आता काढाकाढी. फोल्डर नुसता डिलीट केला की प्रोग्राम गेला, असं इथं होत नाही. त्याच्या नोंदी रजिस्ट्रीत असतात, काही डीएलएल फाइली विंडोजच्या सिस्टीम फोल्डरात, आणि त्याच फाइलींवर दुसरेही प्रोग्राम चालतात. म्हणून रीतसर रस्ता: कंट्रोल पॅनेल, ॲड/रिमूव्ह प्रोग्राम्स. यादीत एक मोटारींचा गेम, मेलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर, एक इंग्रजी विश्वकोश.

विश्वकोश काढायला घेता. मध्येच प्रश्न: ही सामायिक फाइल आता कुणीच वापरत नाही असं दिसतं, काढू का? 'दिसतं' म्हणजे संगणकालाही खात्री नाही. तुम्ही 'नाही' दाबता. शहाणी माणसं 'नाही'च दाबतात, म्हणून मशीनमध्ये गाळ साचत जातो आणि वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी वैतागून सगळंच फॉरमॅट मारतं. काढण्याची सोय मुळातच अर्धवट होती, असं माझं मत आहे; बसवणाऱ्याला विकायची घाई, काढणाऱ्याकडून पैसे मिळत नाहीत.

जागा अजून कमीच. यादीच्या तळाशी जुनं मराठी सॉफ्टवेअर, दुसऱ्या कंपनीचं. नवं आणलंच आहे, मग हे कशाला? माउस तिथं नेता. पडद्यावर विचारणा: पूर्णपणे काढायचं, नक्की?

"थांबा, भाऊ!" काका खुर्ची सरकवून उठतात. "थे काढलं त मांगचे सारे अर्ज जातीन."

ते एक जुनी फाइल उघडतात, ओळ निवडतात आणि फॉन्ट बदलून टाइम्स न्यू रोमन करतात. गावाचं नाव, रेशनची तक्रार, सही करणाऱ्यांची यादी, सगळ्याच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, प्रश्नचिन्हं. कारण साधं आहे. या फाइलीत देवनागरी कधीच नव्हती. फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर आपापली देवनागरी वळणं बसवली. श्रीलिपी या सॉफ्टवेअरची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी. 1991 साली 'इस्की' हे सांकेतिक क्रमांकांचं भारतीय प्रमाण ठरलं होतं, तरी फॉन्टच्या दुनियेत ज्याचं त्याचं राज्य. फॉन्ट गेला की मजकूर डिस्कवर जसाच्या तसा राहतो, फक्त कुणालाच वाचता येत नाही.

उपाय युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक; विंडोज 2000 पासून मराठीची सोयही आहे. एक्सपीत मात्र जटिल लिप्यांचा आधार बहुतेक वेळा वेगळा बसवावा लागतो, त्यासाठी संगणक पुन्हा विंडोजची सीडी मागतो. विंडोज 98 मध्ये तर तशी सोयच नाही.

तुम्ही 'नो' दाबता, गेम काढता. जागा पुरते. रीस्टार्ट. यूपीएस टुकटुक करायला लागतो, तोवर काका डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर जुने अर्ज छापून घेत असतात.

घरी, शाळेत, ग्रामपंचायतीत त्या काळातला संगणक अजून पडून असेल, तर भंगारात देण्याआधी एक करा. मजकुराच्या फाइलींबरोबर त्यांचे फॉन्टही उतरवून घ्या, आणि फॉन्ट-परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवा. कोणता फॉन्ट होता याची चिठ्ठी सोबत असली तर काम निम्मं होतं.