संगणकातील चालू प्रक्रिया : नावाने शोधावी की क्रमांकाने?

अकोले - सातबारा कसा शोधावा, हे तालुक्यातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. महाभूलेखच्या संकेतस्थळावर अहिल्यानगर जिल्हा, अकोले तालुका आणि आपले गाव निवडले, की गट क्रमांक टाकता येतो किंवा नाव टाकता येते. नावाने शोधल्यास एकाच नावाचे अनेक खातेदार समोर उभे राहतात. गट क्रमांकाने नेमका उतारा मिळतो. संगणकात त्या क्षणी चालू असलेल्या कामांचा शोधही याच दोन मार्गांनी घेतला जातो.

डिस्कवर साठविलेली आज्ञावली ही नुसती फाइल असते. ती सुरू झाली की तिची 'प्रक्रिया', म्हणजेच प्रोसेस, होते. कार्यप्रणाली प्रत्येक प्रक्रियेला एक क्रमांक देते. त्यास प्रोसेस आयडी अथवा पीआयडी म्हणतात. एकच आज्ञावली चार वेळा सुरू केली तर नाव एकच राहते, क्रमांक मात्र चार होतात. क्रोम उघडून काही पाने चाळली, तरी त्याच नावाच्या अनेक प्रक्रिया यादीत दिसतात.

दाखल्याचे अर्ज भरण्याच्या गर्दीत एखादी आज्ञावली गोठली, की पुष्कळदा थेट विजेचे बटण बंद केले जाते. तेवढ्याने शेजारच्या खिडकीतील न साठविलेले कामही जाते. वास्तविक अडलेली एकच प्रक्रिया शोधून बंद करणे शक्य असते.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. तेथील 'डिटेल्स' या विभागात नावाशेजारीच पीआयडीचा रकाना असतो. विंडोज एक्सपीच्या काळात हा रकाना मुद्दाम निवडून आणावा लागे. विंडोज ११ मध्ये तर २०२३ पासून नाव किंवा पीआयडी टाकून शोधण्याची चौकटच देण्यात आली आहे. याच यादीतील 'सिस्टम आयडल प्रोसेस' नव्वद टक्क्यांहून अधिक आकडा दाखवते, तेव्हा अनेक जण घाबरतात. तो आकडा प्रोसेसर मोकळा असल्याचा आहे. तिचा क्रमांक नेहमी ० असतो आणि 'सिस्टम' या प्रक्रियेचा ४.

कमांड प्रॉम्प्टवर 'टास्कलिस्ट' ही आज्ञा दिली की सर्व प्रक्रिया नाव व क्रमांकासह उमटतात. फिल्टर लावून एकाच नावाच्या वा एकाच क्रमांकाच्या प्रक्रियेपुरती ती यादी मर्यादित करता येते. पॉवरशेलमध्ये हेच काम 'गेट-प्रोसेस' करते. 'नेटस्टॅट' या आज्ञेला 'ए, एन, ओ' ही अक्षरे जोडल्यास इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीपुढे पीआयडी दिसतो. कोणती आज्ञावली गुपचूप बाहेर माहिती पाठवीत आहे, अशी शंका आल्यास आधी हा क्रमांक घ्यावा आणि मग त्यावरून नाव काढावे.

नाव सापडले म्हणजे ओळख पटली असे मात्र नाही. 'एसव्हीसीहोस्ट' ही विंडोजची स्वतःची प्रक्रिया आहे आणि तिच्या अनेक प्रती एकाच वेळी चालू असणे स्वाभाविक आहे. विषाणू लिहिणारे याचाच फायदा घेतात. व्ही आणि सी या अक्षरांची अदलाबदल करून 'एससीव्हीहोस्ट' असे नाव दिले, की घाईत नजर चुकते. खरी फाइल विंडोजच्या सिस्टम३२ या फोल्डरमध्ये असते. प्रक्रियेवर उजवी कळ दाबून फाइलचे स्थान उघडावे. ते भलतेच निघाल्यास संशयाला जागा आहे. कोणत्या प्रतीत कोणत्या सेवा चालू आहेत, हे 'टास्कलिस्ट'ला 'एसव्हीसी' हा पर्याय जोडल्यास कळते.

लिनक्सवर 'पीएस' ही जुनी आज्ञा आहे. तिची यादी 'ग्रेप'मधून गाळली, तर शोधणारी 'ग्रेप'ची प्रक्रियाच निकालात येऊन बसते. नवशिक्यांना त्याचे कोडे पडते. 'पीग्रेप'मध्ये ही अडचण येत नाही. मात्र ती नावाचा तुकडाही जुळवते, म्हणून 'जावा' शोधताना 'जावासी'ही हाती लागते. लिनक्स प्रक्रियेच्या नावाची १५ च अक्षरे जपून ठेवते. लांब नाव सापडत नसल्यास 'एफ' पर्याय लावून संपूर्ण आज्ञेत शोध घ्यावा. क्रमांक ठाऊक असल्यास 'प्रोक' निर्देशिकेत त्याच क्रमांकाच्या फोल्डरमध्ये प्रक्रियेची सारी माहिती मिळते.

गट क्रमांकाशी तुलना येथे थोडी तुटते. एकच गट क्रमांक दोन गावांत असू शकतो, तसाच एकच पीआयडी दोन संगणकांवर असू शकतो. इथवर साम्य आहे. परंतु गट क्रमांक पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पीआयडी प्रक्रिया संपताच मोकळा होतो आणि पुढे दुसऱ्याच प्रक्रियेला दिला जातो. लिनक्समध्ये क्रमांक वाढत जाऊन मर्यादेला पोचले की पुन्हा खालून सुरुवात होते. ही मर्यादा पूर्वापार ३२,७६८ होती. ६४ बिट यंत्रणेवर ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढविता येते. तेव्हा सकाळी कागदावर टिपलेला क्रमांक दुपारी वापरणे धोक्याचे आहे. बंद करण्याच्या आधी त्या क्रमांकापुढचे नाव आणि सुरू झाल्याची वेळ पुन्हा पाहावी.

नावाने बंद करण्यात धोका निराळा. 'टास्ककिल'ला क्रोमचे नाव दिले, तर एक अडलेले पान नव्हे, सगळाच ब्राउझर मिटतो. लिनक्सवरील 'किलऑल' त्या नावाच्या सर्व प्रक्रियांना गाठते. सोलारिस या युनिक्सवर मात्र याच नावाची आज्ञा जवळपास सगळ्याच चालू प्रक्रिया बंद करते. विंडोजमध्ये 'सीएसआरएसएस' जबरदस्तीने थांबविल्यास निळा पडदा येऊन संगणकच बंद पडतो.

बंद करण्याच्याही पायऱ्या आहेत. लिनक्सची साधी 'किल' आज्ञा १५ क्रमांकाचा संकेत पाठविते. त्यावर आज्ञावलीला आवराआवर करून, फाइल साठवून बाहेर पडण्याची संधी मिळते. ९ क्रमांकाचा संकेत ही संधी देत नाही. विंडोजमध्ये 'टास्ककिल'ला 'एफ' जोडण्याचा परिणामही तसाच होतो. पहिला उपाय करून काही क्षण थांबावे आणि त्यानंतरच दुसऱ्याकडे वळावे.