तळटीप १४ : ‘मुळशीहून लंडन नऊ तासांवर’

१४. लेखकाचे हे नऊ तास विमान हवेत असतानाचेच, आणि तेही परतीचे. मुंबई–लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. मध्ये न थांबता जायला साडेनऊ-दहा तास लागतात, येताना तासभर वाचतो. कारण त्या उंचीवरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नये. लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. त्यामुळे उन्हाळ्यात जातानाचे दहा तास कागदावर साडेपाचच दिसतात. पूर्वी हाच प्रवास थांबत थांबत होई : एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान ८ जून १९४८ च्या रात्री मुंबईहून निघाले, ते कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला उतरले.

पण मुळशीतल्या पौडच्या माणसाचा खरा वेळ जातो तो जमिनीवर. चांदणी चौक, एक्सप्रेसवे, मग मुंबईचा सहार विमानतळ, आणि वर तीन तास आधीची हजेरी! पुण्याचा विमानतळ लोहगावला, जवळ खरे, पण शहराच्या नेमके पलीकडच्या अंगाला. दिल्लीमार्गे लंडनला जायचे तर तिथून दिल्ली विमानाने साधारण दोन तासांची; गर्दीच्या वेळी पौडहून लोहगाव गाठायलाही तेवढेच धरून चालावे.