हौशी विमाननिर्मिती आणि विश्वासार्हतेचा प्रश्न : कॅप्टन अमोल यादव यांच्या प्रयोगाच्या संदर्भात

प्रस्तावना :

विमानांचा इतिहास सामान्यतः कारखाने, युद्धे आणि शासकीय संस्था यांच्या अंगाने लिहिला जातो. हौशी व्यक्तींनी आराखड्यांवरून घरी बांधलेल्या हलक्या विमानांची परंपरा त्यात दुर्लक्षित राहते. या परंपरेच्या पार्श्वभूमीवर कॅप्टन अमोल यादव यांच्या मुंबईतील प्रयोगाचे महत्त्व तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

जागतिक पार्श्वभूमी :

सांतोस-द्युमाँ यांच्या हलक्या विमानाचे आराखडे १९१० मध्ये अमेरिकेतील 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकात प्रसिद्ध झाले. फ्रान्समधील आंरी मिन्ये यांनी १९३४ मध्ये आपल्या विमानाच्या बांधणीची माहिती पुस्तकरूपाने दिली आणि युरोपात अनेकांनी ते विमान बांधले. पुढे प्राणघातक अपघात झाले. १९३६ मधील वायुबोगद्यातील चाचण्यांत मूळ रचनेतच दोष आढळला : विमानाचे नाक फार खाली झुकल्यास ते पुन्हा वर घेता येत नसे. केवळ कसबी हात पुरेसे नाहीत, आराखड्याचीही परीक्षा हवी, हा धडा यातून मिळाला. अमेरिकेत १९५३ मध्ये हौशी निर्मात्यांची संघटना स्थापन झाली. तेथील नियमांनुसार बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तींनी शिक्षण वा छंद म्हणून करावा लागतो.

मुंबईतील प्रयोग :

व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी कांदिवलीतील राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले. तयार आराखडा न घेता त्यांनी रचनाही स्वतः केली. त्यामुळे सिद्धतेचा भार अधिकच वाढला. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात विमान प्रदर्शित झाले. त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली. नोंदणीने विमानास ओळख मिळते, उड्डाणाचा अधिकार नव्हे. तो परवाना २०१९ मध्ये मिळाला व २०२० मध्ये धुळे येथे चाचणी-उड्डाण झाले.

निष्कर्ष :

प्रदर्शन ते उड्डाण या चार वर्षांकडे केवळ शासकीय दिरंगाई म्हणून किंवा केवळ सावधगिरी म्हणून पाहणे एकांगी ठरेल. व्यक्तीच्या प्रज्ञेवर समाजाने विश्वास कसा ठेवावा, हा यातील मूलभूत प्रश्न आहे. आराखडे, तपासणी-नोंदी आणि पत्रव्यवहार ही त्याच्या उत्तराची साधने होत. महाराष्ट्राच्या तंत्रेतिहासासाठी विमानाइतकेच या कागदांचेही जतन आवश्यक आहे.