चामड्याचा न्याय, रबराला शिक्षा

गमबूट घ्यायला निघालेल्या माणसाला सल्ला देणारे दहा जण भेटतात आणि दहाही जण एकच सांगतात : "महाग घे, पण एकदाच घे." हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो, की त्यावर उलटा प्रश्न करणारा माणूस कद्रू ठरतो. तो ठपका पत्करून मी प्रश्न करणार आहे. वहाणेच्या आणि कातडी बुटाच्या बाबतीत हा सल्ला खरा आहे. गमबुटाच्या बाबतीत तो बराचसा खोटा आहे. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. प्रतिपक्षाला दुबळा करून मग पाडण्यात मर्दुमकी नाही. या मताची सर्वांत देखणी मांडणी इंग्रज कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांच्या 'मेन ॲट आर्म्स' (१९९३) या कादंबरीत सापडते. तिच्यातला सॅम व्हाइम्स हा पहारेकऱ्यांचा कप्तान बुटांचा हिशेब मांडतो. चांगल्या बुटांना पन्नास डॉलर पडतात, पण ते वर्षानुवर्षं चालतात. दहा डॉलरचे बूट हंगाम-दोन हंगामांत गळायला लागतात. गरिबाजवळ एकरकमी पन्नास नसतात, म्हणून तो दहा-दहा करत दहा वर्षांत शंभर घालवतो, आणि एवढं करून त्याचे पाय ओलेच राहतात. श्रीमंत स्वस्तात सुटतो, गरिबाला गरिबीच महाग पडते. युक्तिवाद बिनतोड आहे. आपल्याकडे त्याला अनुभवाचाही आधार आहे. चांगली कोल्हापुरी दोनदा टाच लावून, चारदा टाके घालून वर्षानुवर्षं पायात राहते, हे कोणी नाकारावं?

मग खोट कुठे आहे? ती हिशेबात नाही, गृहीतकात आहे. व्हाइम्सचे बूट चामड्याचे आहेत. कोल्हापुरीही चामड्याचीच. साक्षीदार दोन आले, पण दोघंही दुसऱ्याच खटल्यातले.

हा घोळ मुळात नावापासून सुरू होतो. गमबुटाला इंग्रजीत वेलिंग्टन म्हणतात, आणि ज्याच्यावरून म्हणतात तो माणूस आपल्याला परका नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाल्यावर त्याने लंडनच्या हॉबी नावाच्या मोच्याकडून त्या काळचे उंच लष्करी बूट बदलून घेतले : गोंडे काढले, पोटरीलगत बेतले, मऊ वासराचं कातडं वापरलं. पहिला वेलिंग्टन हा असा शुद्ध चामड्याचा होता. चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता देऊन रबर पक्कं करण्याची युक्ती सापडली ती १८३९ साली. हायरम हचिन्सन या अमेरिकन उद्योजकाने त्या रबराचे बूट फ्रान्समध्ये काढायला सुरुवात केली १८५३ साली. १८५६ मध्ये एडिंबरोत नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी निघाली; पहिल्या महायुद्धात चिखलाने भरलेल्या खंदकांतल्या सैनिकांसाठी तिने सुमारे १२ लाख जोड पुरवले. म्हणजे नाव तेच राहिलं, घाट तोच राहिला आणि आतला पदार्थ समूळ बदलला. बदलला नाही तो फक्त सल्ला. आपण आजही रबराचा खटला चामड्याच्या कायद्याने चालवतो आहोत. त्या कायद्याची कलमं एकेक करून तपासू.

पहिलं कलम : चांगली वस्तू दुरुस्त होते, म्हणून टिकते. कातडी बूट टिकतो त्याचं अर्धं श्रेय मोच्याचं असतं. तळवा झिजला तर नवा बसतो, टाच गेली तर नवी लागते, शिवण उसवली तर टाके पडतात. बुटाचा वरचा भाग तीन तळवे पाहतो. गमबुटाचं तसं नाही. पीव्हीसीचा गमबूट साच्यात ओतून एकसंध निघतो. उंची रबरी गमबूट पायाच्या लाकडी वा धातूच्या साच्यावर रबराचे तुकडे हाताने चढवून बनवतात, पण भट्टीत गेल्यावर तेही तुकडे एकजीव होतात. छोटं भोक सायकलच्या पंक्चरसारखं बुजवता येतं. तळव्याची नक्षी झिजून गुळगुळीत झाली, की विषय संपला. पाचशेचा असो वा पाच हजारांचा, मोची दोघांनाही हात जोडतो. मग महाग घेतल्याने मिळणारं दुसरं, तिसरं आयुष्य आणायचं कुठून?

दुसरं कलम : जपून वापरलं की वस्तू पुरते. हे पूर्वपक्षाचं सर्वांत मजबूत ठाणं, आणि माझ्या मते सर्वांत पोकळही. चामडं मुख्यतः झिजून मरतं. कमी वापरलं, तेलपाणी केलं, तर ते दशकं काढतं. गमबूट बहुधा झिजून मरत नाही, तो म्हातारा होऊन मरतो. नैसर्गिक रबराचा वैरी हवेतच असतो. ओझोन वायू ताणलेल्या रबराच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो, आणि बूट जिथे दुमडलेला असेल तिथे आडव्या बारीक चिरा पडतात. ऊन आणि उष्णता त्याला हातभार लावतात. पीव्हीसीला मऊपणा देणारं द्रव्य हळूहळू निघून जातं आणि बूट कडक होऊन घडीवर तडकतो. पॉलियुरेथेन वजनाला हलकं आणि पायाला सुखाचं, पण त्याच्या काही प्रकारांना दमट उष्ण हवाच आतून खाते. माझ्याच घरचा दाखला देतो. खास ट्रेकसाठी घेतलेला एक महागडा जोड माळ्यावर कागदात गुंडाळून ठेवला होता. चौथ्या वर्षी खाली काढला, तर तळवा भिजलेल्या बिस्किटासारखा हातात आला. मोजून पंधरा दिवस वापरला असेल. त्याला कोणी मारलं? वापराने तर नव्हे. जपण्यानेच मारलं.

आता व्हाइम्सचा हिशेब पुन्हा मांडू. समजा, एक जोड पाचशेचा आणि दुसरा चार हजारांचा. वर्षाला पंचवीस दिवस घालणाऱ्याकडे स्वस्त जोड दोन वर्षं चालला, तर बरोबरी साधायला महाग जोडाला सोळा वर्षं काढावी लागतील. कोकणच्या दमटपणात सोळा वर्षं? शक्यता फार कमी. उलट रोज गोठ्यात राबणाऱ्याकडे स्वस्त जोड चार महिन्यांत फाटतो आणि महाग जोड तीन वर्षं जातो असं धरलं, तर त्या तीन वर्षांत स्वस्ताचे नऊ जोड लागतील, म्हणजे साडेचार हजार. इथे महाग जोड जिंकतो. दोन्ही उदाहरणांत किमती त्याच आहेत, निकाल मात्र उलटे. याचा अर्थ उघड आहे. निकाल किंमत देत नाही, वर्षातले वापराचे दिवस देतात.

तिसरं कलम : जाड तोच मजबूत. चामड्यात जाडी म्हणजे झिजायला जास्त माल, हे खरं. पण गमबूट सहसा फाटतो तो बोटांच्या मागच्या घडीवर, जिथे पाऊल प्रत्येक पावलाला वाकतं. वाकवलेल्या पट्टीचा नियम शाळेतलं पोरही करून पाहू शकतं : पट्टी जितकी जाड, तितका तिच्या बाहेरच्या अंगावर ताण अधिक. घडीवर नको तितका जाड माल म्हणजे चिरेला आमंत्रण. जपानमध्ये भातलावणीसाठी खास गमबूट मिळतात. ते पातळ असतात, मऊ असतात, पायाला मोज्यासारखे बसतात, पट्ट्यांनी आवळले जातात. चिखलणी केलेल्या शेतात जाड, सैल गमबूट गाळात रुतून बसतो आणि पाऊल तेवढं मोकळं वर येतं. आपला शेतकरी लावणीला अनवाणी उतरतो तो अडाणी म्हणून नव्हे. दुकानात मिळणारा बूट त्या कामाचा नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

चौथं कलम : आज चावतो, उद्या सैल होईल. कोल्हापुरी पहिले आठ दिवस चावते आणि नवव्या दिवशी पायाची होते. कातडं पायाचा आकार धरतं. रबराचा तर गुणधर्मच मूळ आकारावर परत येण्याचा. जो गमबूट दुकानात पोटरीला किंवा बोटांना लागतो, तो वर्षानेही तिथेच लागेल. म्हणून लोक दुसऱ्या टोकाला जातात : दोन नंबर मोठा घ्या, दोन मोजे चढवा. मग प्रत्येक पावलाला टाच आत वर-खाली होते आणि सोलवटते. ही बाब केवळ सुखाची नाही. साचलेल्या पाण्यातले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात ते अशाच सोलवटलेल्या कातडीतून. सिंधुदुर्गातल्या भातशेतीला आणि २००५ च्या महापुरानंतरच्या मुंबईला या रोगाची ओळख सांगावी लागत नाही. जे पायताण जखम टाळायला घेतलं, तेच जखम करत असेल, तर त्याची किंमत कितीही असो, ते फुकट गेलं.

पाचवं कलम : तेल लावा, बुरशी पुसा. पावसाळ्यात चामड्यावर पांढरी बुरशी चढते आणि तेलाने चामडं तगतं, हे घराघरांतलं ज्ञान. चांगल्या नैसर्गिक रबरावरही पांढुरका थर येतो, पण ती बुरशी नव्हे. रबरात मिसळलेली मेणं आणि इतर द्रव्यं पृष्ठभागावर आलेली असतात. त्यातली काही तर ओझोनपासून राखण करण्यासाठीच घातलेली. ग्राहक ते पाहून फसवला गेलो असं समजतो आणि खोबरेल चोळतो. तेल तर नैसर्गिक रबराला फुगवतं, पोचट करतं. म्हणूनच दूध, लोणी, मासळी, डिझेल अशा स्निग्ध कामांत पाच हजारांचा नैसर्गिक रबराचा बूट हरतो, आणि तेलाला दाद न देणारं नायट्राइल मिसळलेला, किमतीने निम्मादेखील नसलेला बूट जिंकतो. महाग असणं आणि त्या कामाचं असणं, या दोन गोष्टींची गाठ कोणी मारून दिली?

इथे पूर्वपक्ष म्हणेल, "मग उंची माल म्हणजे नुसती फसवणूक का?" नाही. मी तसं म्हटलेलं नाही. जादा पैशात आरामाच्या खऱ्या गोष्टी विकत मिळू शकतात : काढून वाळवता येणारा आतला तळवा, घाम शोषणारं अस्तर, टाचेला घट्ट धरणारा घाट, कमरेचा भार हलका करणारं कमी वजन. दिवसाचे आठ तास उभं राहणाऱ्याला हे सुख पै-पैला परवडतं. पण त्याच पैशात नाव आणि फॅशनही विकत मिळते. नॉर्थ ब्रिटिशचा वारसा सांगणारा हिरवा हंटर १९५६ साली बाजारात आला, पुढे संगीतमहोत्सवांच्या चिखलात मिरवून जगभर गाजला, आणि २००८ मध्ये त्याचं उत्पादन स्कॉटलंडबाहेर गेलं. यात पाप काही नाही. मात्र स्कॉटलंडच्या थंडीसाठी लावलेल्या उबदार निओप्रीन अस्तराचे पैसे रत्नागिरीच्या ऑगस्टमध्ये मोजणारा माणूस उकाडाच विकत घेतो.

तेव्हा सिद्धांत असा : गमबूट किमतीवरून निवडू नये, तो कशाने मरणार आहे हे पाहून निवडावा. वर्षात थोडेच दिवस लागत असेल, तर तो वयाने मरेल. साधा, पायाला नेमका बसणारा पीव्हीसीचा जोड पुरे. रोज चालायचं असेल, तर तो घडीवर मरेल. तिथे लवचिक रबर किंवा पॉलियुरेथेनवर पैसे घालावेत. तेला-तुपाशी गाठ असेल, तर नायट्राइल पाहावं. खिळे-काचा असतील, तर तळव्यात छेदरोधक थर हवा. युरोपीय मानकात त्यासाठी एस५ अशी खूण असते. आपल्याकडे रबरी गमबुटाला आयएस ५५५७ आणि पीव्हीसीच्या गमबुटाला आयएस १२२५४ ही मानकं आहेत. आयएसआय चिन्हाजवळ तो आकडा शोधावा. घोणस-फुरशाच्या मुलखात बूट नडगीपर्यंत उंच असणं हे त्याच्या नावापेक्षा मोलाचं. दुकानात संध्याकाळी जावं, पाय थोडा सुजलेला असतो. कामावरचाच मोजा घालावा, उकिडवं बसून उठावं, टाच उचलून पाहावी. घडीवर वाकवून पांढरी रेघ उमटते का ते न्याहाळावं. आणि बुटावर बनल्याचा महिना-वर्ष छापलेलं असेल, तर किमतीच्या आधी ते वाचावं. वर्षानुवर्षं गोदामात पडलेला जोड सवलतीत मिळाला, तर सवलत बुटावर नसते, त्याच्या उरलेल्या आयुष्यावर असते.

व्हाइम्सच्या हिशेबातला कळवळा मला मान्य आहे. गरिबाचे पाय कोरडे राहावेत, हेच त्याला म्हणायचं होतं. पण गोठ्यातल्या बाईला केवळ महाग म्हणून नैसर्गिक रबराचा जोड घ्यायला लावला, आणि दुधा-तुपाने तो वर्षात फुगून फाटला, तर तिचे पैसेही गेले आणि पायही ओलेच राहिले. कप्तानाची तक्रार नेमकी हीच होती.

पुरावा समोर आहे. निकाल आपला.