खानबहादूर, रावबहादूर आणि गोदूताई

आजही आपल्या समाजात एखादे गृहस्थ अभिमानाने सांगतात, ‘आमचे पणजोबा खानबहादूर होते.’ तेव्हा मला विचारावेसे वाटते, की हा खिताब नेमका कशाबद्दल मिळाला होता?

इंग्रज सरकारने खिताबांचीही धर्मवार वाटणी करून ठेवली होती. मुसलमानाला खानसाहेब, खानबहादूर. हिंदूला रावसाहेब, रावबहादूर. पारशांना मात्र खानबहादूरच मिळे, याची मला नेहमी गंमत वाटते. दरवर्षी नव्या वर्षाला आणि राजाच्या वाढदिवसाला याद्या निघत. शाळा-दवाखाने काढणारे भले लोकही त्यांत असत, नाही असे नाही. पण सरकारशी निष्ठा ही पहिली अट होती.

हे सारे डहाणू-तलासरीच्या संदर्भात वाचले की चित्र बदलते. त्या भागातल्या जमीनदार-सावकारांत हिंदू, पारशी, मुसलमान सगळे होते. वारल्यांवरच्या जुलमात धर्म आडवा आला नाही. आपला इतिहास लिहिताना आपण हे झाकू नये. वेठ म्हणजे फुकट राबणे. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी कर्ज काढून त्यापायी सावकाराचा गुलाम झालेला माणूस, आणि त्याच्यासोबत त्याची बायकोही. हे सरकारला ठाऊक नव्हते, असेही म्हणता येत नाही. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्यानेच चौकशी करून 1930च्या दशकाच्या अखेरीस तसा अहवाल दिला होता. अहवाल दप्तरात राहिला, वेठ शेतात राहिली.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे उंबरगाव तालुक्यातले मूठभर वारली आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावात परिषद झाली आणि वेठ द्यायची नाही असे ठरले. पुढे गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला हजारो वारली जमले. त्यांना गोदूताईंच्या नावाने खोटा निरोप पाठवून बोलावले होते. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी ठार झाले. त्यांच्यासाठी कुठल्या गॅझेटात ओळ निघाली नाही.

गोदावरी परुळेकर मूळच्या पुण्याच्या गोखले. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. अशा बाईला मानाची खुर्ची मिळवणे अवघड नव्हते. वाट्याला आला तो तुरुंग. त्यांचे पती शामराव 1957 साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि 1965 साली बंदिवासातच वारले. ताईंच्या एका पुस्तकाचे नावच ‘बंदिवासाची आठ वर्षे’ असे आहे.

‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला 1972 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मला खानबहादुरीपेक्षा वेगळ्या जातीचा वाटतो, कारण तो पुस्तकाला होता आणि त्या पुस्तकात अर्धा वाटा वारल्यांचा होता. राज्यघटनेच्या 18व्या कलमाने खिताब बंद झाले. पद्म पुरस्कार आहेत, पण सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की ते नावापुढे लावायचे नाहीत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. ज्यांच्या आधीच्या पिढ्या वेठीला राबल्या, त्यांच्यातल्या एकाचा राष्ट्राने सन्मान केला. मला ही गोष्ट छोटी वाटत नाही.

तलासरीच्या महाविद्यालयाला आज गोदूताईंचे नाव आहे. पण आमच्या वाचकांना त्याहून जवळचा वाटेल असा मान दूर सोलापुरात आहे. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचे हस्तांतरण झाले. तेलुगू भाषक बायकांच्या बरोबरीने मुसलमान विडीवाल्या बायकाही तिथे राहतात. वसाहतीचे नाव कॉम्रेड गोदूताई परुळेकर. दारावर आलेल्या टपालावर, पत्त्याच्या ओळीत, ते रोज लिहिले जाते.